राकसाचं खळं पाहण्यासारखं आहे का

जाम फाटा, ११ फेब्रुवारी १९५८

चिंधूदादास प्रेमदासचा जय भीम.

तुझं पत्र खिशात राहून घामानं भिजलं, घडीवर फाटलं, तरी मी उत्तर लिहिलं नाही. रोज म्हणायचो, आज लिहितो. मग ट्रक भरायला लागायचा, नाहीतर कुठंतरी कोंबड्यांची झुंज लागायची. पहिली सबब ही की हात सुजला होता. फाट्यावरच्या हॉटेलात एका परक्या ड्रायव्हरनं आमच्या उस्तादाला खाटेवरून ऊठ म्हटलं. उस्तादानं त्याची मान धरली आणि तोंड भज्याच्या कढईकडे नेलं. कढई उलटली, तेल त्याच्या पायावर. मग त्याचे दोन क्लीनर धावले. मी मध्ये पडलो, सोडवायला नाही, मारायलाच. एकाच्या दातांवर मूठ बसली. दात त्याचे गेले, पण बोटं माझी पिकली. हॉटेलवाला म्हणे, "माणसाचा दात कुत्र्याहून वंगाळ, लेका. हळद लाव." लावली. आता लेखणी धरता येते.

दुसरी सबब खरी आहे. काय लिहावं ते समजेना.

तू वर्षभर माझ्याशी बोलला नाहीस. नागपूरच्या मिलमध्ये चिकटवून दिलं आणि मी चार दिवसांत पळालो, म्हणून. मुकादमापुढे तुझं नाक कापलं गेलं, कबूल. पण तो भोंगा वाजला की वाटे कोणी माझ्याच पोटात फुंकून राह्यलं. ट्रकवर बरं आहे. मार खाल्ला तरी मोकळ्या हवेत खाल्ला असं होते.

आणि वर्षानं पत्र येते तर काय? गोटखेड्याच्या राकसाच्या खळ्याचा फोटू पेपरात आला, फार पुरातन आहे म्हणतात, मिलमधली आम्ही चारपाच माणसं मोटार करून यायचं म्हणतो, तू गावी जाऊन बघ आणि पाहण्यासारखं आहे का ते कळव.

दादा, ते खळं आपल्या मोहल्ल्यातून दिसते. ते कमरेएवढे काळे दगड, गोल मांडलेले, जसे कोणी राकसानं मळणीसाठी मांडले. त्यात आपण ढोरं चारली. त्याच्यावर बसून तू मला बाराखडी शिकवली आणि चुकलो की त्याच दगडावर माझं डोकं आपटलं. ते पाहण्यासारखं आहे का हे तू मला विचारतोस?

दगडांबद्दल तू एक ओळ लिहिली. रूपराव पाटलाबद्दल चार. तो अजून सकाळी खळ्यावरून वावरात जातो का, संगं कोण असते, हातात काय असते, बाहेरचे पाहुणे कोणत्या वेळी नसतात. मी सातवी नापास असलो तरी एवढं वाचता येते. तू दगड पाहायला येत नाहीस.

त्या दिवशीचं तू कधी बोलला नाहीस. मायनं सांगितलं ते मला माहीत. दीक्षा घेऊन आल्यावर आता मेलेलं ढोर ओढणार नाही, हे चावडीवर सगळ्यांच्या वतीनं तू बोललास. मग रूपरावचा बैल मेला. त्यानं आणि त्याच्या चुलतभावानं, बापूजीनं, तुला घरातून काढलं. बापूजीनं दोरी आवळली, एक टोक बैलाच्या शिंगांना, एक तुझ्या छातीला, आणि रूपराव मागून गाडीची उभारी, तो जाड दांडा, घेऊन हाणत गेला, खळ्यापर्यंत. उभारी डाव्या कानावर बसली तेव्हा तू पडलास. त्या कानानं तुला अजून ऐकू येत नाही. पोलिसांनी लिहून घेतलं की बैल अंगावर पडला. मेलेला बैल!

मायला यातलं काही कळवू नको. मी जातो, बघतो, लिहितो. जॅक फिरवायचा लोखंडी दांडा, आम्ही त्याला टामी म्हणतो, तो संगं नेतो. उस्तादाला सांगणार नाही.

तुझा
प्रेमदास


गिरड, ३ मार्च १९५८

दादास जय भीम.

पुन्हा उशीर झाला. जामहून निघालो ते सरळच निघालो होतो, पण वाटेत शंकरपट लागला, बैलांची शर्यत. तू हसशील. एक खिलारी जोडी होती, पांढरीफेक, तिचा हाकणारा धुरकरी जिंकला आणि हरलेल्यानं तिथंच स्वतःच्या बैलाच्या डोळ्यात तुतारी, ती आर लावलेली काठी, खुपसली. लोकांनी त्याला इतका मारला की त्याचा सदरा कुठला आणि कातडं कुठलं ते ओळखू येईना. मीही दोन लाथा घातल्या. ओळख ना पाळख. सगळे घालत होते.

मग गिरड. टेकडीवर बाबा फरीदच्या दर्ग्यात एक दिवस पडून राह्यलो, फुकट जेवण होतं. इथं जायफळासारखे लहान लहान दगड सापडतात. एका फकिरानं मूठभर दिले आणि सांगितलं, व्यापाऱ्यानं बाबाशी खोटं बोललं म्हणून त्याच्या मालाचे दगड झाले. मी म्हटलं, आमच्या गावी तर खोटं बोलणाराचा वाडा होते. फकीर म्हणे, "बेटा, तू बहुत जल के बैठा है." तुझ्यासाठी दोन दगड ठेवले आहेत. पाहण्यासारखे म्हणशील तर हे आहेत, खिशात मावतात.

आता गोटखेडा. जाऊन आलो.

खळ्यापाशी आता सरकारी पाटी आहे. आत पाय टाकावा तर नाक धरावं लागते. एक म्हैस पडली होती, सोललेली. आपल्या लोकांनी ढोर ओढणं सोडलं तेव्हापासून हिंगणघाटच्या चामड्याच्या ठेकेदाराची माणसं गाडी घेऊन येतात, कातडं काढतात आणि उरलेलं खळ्यात टाकून जातात. गिधाडं दगडांवर बसली होती, एकेका दगडावर एकेक, जशी पंचायत भरली.

तेवढ्यात नागपूरची मोटार आली. एक चष्मेवाला, त्याची बायको आणि दोन पोरी. बायकोनं पदर नाकाला लावला. चष्मेवाला मला म्हणे, "तुम्ही इथलेच का? हे कोणी मांडलं म्हणतात गावात?"

"राकसानं," मी म्हटलं. "इथं तो माणसं मळत होता. दाणा त्याचा, भुसा आमचा."

पोरी हसल्या. बायको म्हणे, "आणि ही म्हैस?"

"तीबी पुरातनच आहे बाई."

चष्मेवाला शिकलेला होता, रागावला नाही. त्यानं सांगितलं की हे दगड म्हणजे मेलेल्यांची ठिकाणं आहेत. देव नव्हता इथं कधी, राकसही नाही. हजारो वर्षांपूर्वी माणसं पुरली आणि भोवती दगड मांडले, संगं लोखंडाची हत्यारं ठेवली. हत्यारं म्हटल्यावर मी कान टवकारले. मग विचारलं, "साहेब, हे दगड इथले नाहीत, दुरून आणलेले दिसतात. ओढत कोणी आणले असतील? कोणाले जुंपलं असन?" तो म्हणे, ते काही सांगता येत नाही. चार आणे देऊ लागला, मी घेतले नाहीत. मग चहा पाजला, तो पिला.

आता तू विचारलेलं. दादा, रूपराव एकटा आहे! त्याच्यासंगं चिटपाखरू नाही. गडी नाही, बापूजी नाही, कोणी राम राम घालत नाही. मी लपून पाह्यलं. सूर्य उगवायच्या आधी येतो, हातात बादली आणि दोर. खळ्याला लागून त्या चुलतभावांच्या साझ्याची विहीर आहे ना, तिच्यावर घाईघाईनं पाणी काढतो, चहूकडे बघतो आणि कोणी यायच्या आत निघून जातो. पाटलाच्या घरचा माणूस, स्वतःच्या विहिरीवर चोरासारखा. वाळला आहे. गालफडं आत गेली. मी एका दगडाआड होतो, टामी हातात होती आणि तो माझ्याकडे पाठ करून वाकला होता. मनात आलं, एकच घाव, आणि विहीर समोरच आहे. पण हा घास तुझा आहे, मी उष्टा केला नाही.

काऊन एकटा आहे ते विचारायला वेळ झाला नाही. मायकडे गेलो तर तिनं आधी भाकर वाढली, मग माझी बोटं पाहून रडली, मग शिव्या दिल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या कांताचं लग्न होतं, बँड होता, मी त्या बँडवाल्यांसंगं परत इकडे गिरडला आलो.

तर तुझ्या पत्राचं उत्तर. पाहण्यासारखं आहे. ये. सकाळीच ये.

प्रेमदास


गोटखेडा, १४ मार्च १९५८

दादा,

मागचं पत्र पोचलं असेल तर फाडून टाक. पोचलं नसेल तर पोस्टात सडो. येऊ नकोस. खळ्यात पाहण्यासारखं काही नाही. दगड आहेत, हाडं आहेत, आणि आता माणसाचं रक्तही आहे, ते माश्यांनी काळं करून टाकलं. हा कागद आज हिंगणघाटच्या गाडीवाल्याजवळ देतो, म्हणून घाईनं लिहितो. मी आपल्या घरात आहे आणि दाराला आतून खाट लावली आहे.

झालं ते सांगतो.

रूपराव एकटा कशानं पडला हे मी परवा गावी परतल्यावर मायला विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणे, "तुले माईत नाई? त्यानं सोताचा बैल वढला."

तू गेल्यावर त्याचा दुसरा बैलही मेला, तो ढवळा, शिंगाला लाल रंग असायचा तो. ठेकेदाराची गाडी बोलवायची तर बोलवली असती. पण रूपरावच्या डोक्यात काय आलं, की आपणच ओढायचा, तोही आपल्या मोहल्ल्यासमोरून. म्हणजे आपल्याला लाज वाटेल, आपण धावत येऊ, पाटील राहू द्या, आमचं काम आहे म्हणू. भर दुपारी त्यानं दोर खांद्यावर घेतला आणि एकेका घरासमोर थांबत गेला. "पाहा बे! पाहा! पाटलाच्या खांद्यावर दोर चढवला तुमी!" असा ओरडत. माय म्हणते, सगळ्यांनी दारं उघडली, उंबऱ्यावर बसून पाह्यलं आणि कोणी उठलं नाही. धुरपताबाईनं तर पोराला दाखवलं, म्हणे, पाय बापू, बैल कसा बैल वढून राह्यला.

आम्हाला लाज आली नाही. विटाळ मात्र त्याला चिकटला. दोर खांद्यावरून उतरवून तो घरी गेला, तर बापूजीनं ओसरीवरून पाणी द्यायलाही नकार दिला. जातीचे लोक बसले. शुद्ध हो, पंगत घाल, पाया पड. रूपराव म्हणे, बैल माझा, खांदा माझा, पंगत कशाची? अडला तो अडलाच. बायको, आनंदाबाई, पोरं घेऊन माहेरी गेली. बापूजीनं विहिरीला हात लावायची बंदी केली आणि त्याचं धुऱ्याकडचं, बांधालगतचं वावर हळूहळू नांगरून आपल्यात घेतलं. म्हणून तो पहाटे चोरून पाणी काढतो.

मी हसलो. खूप हसलो, खोटं काऊन सांगू. म्हटलं, उद्या सकाळी पुन्हा जातो, पोटभर पाहून घेतो आणि दादाला लिहितो.

गेलो. त्याच दगडाआड बसलो. रूपरावनं बादली विहिरीत सोडली आणि तेवढ्यात तुरीच्या कडेनं बापूजी आला, संगं त्याची दोन पोरं. बापूजीच्या हातात उभारी होती. तीच की दुसरी, देव जाणे. देव म्हटलं, जुनी सवय.

"काऊन बे बाटग्या," बापूजी म्हणे, "किती खेप सांगतलं?"

रूपरावनं वळूनही पाह्यलं नाही. "माह्या बापानं खंदली विहीर. बादली वर येऊ दे, मंग बोल."

बादली वर आली नाही. पहिला घाव मनगटावर, दोर सुटला. दुसरा पाठीत. पोरांनी पाय धरून त्याला खळ्यात ओढला, जिथं म्हैस पडली होती तिथं, आणि मग तिघांनी मिळून. बापूजी मारताना बोलत होता, शेताचं, पंगतीचं, लहानपणीच्या कोणत्या तरी आंब्याचं. एवढी वर्षं तो आंबा पोटात ठेवून होता! रूपरावचं डोकं दगडावर आपटलं, लहानपणी तू माझं आपटायचास तसा आवाज आला. गिधाडं उडाली नाहीत, नुसती दगड बदलून बसली.

दादा, मला बरं वाटत होतं. मी मोजत होतो, हा घाव दादाचा, हा मायचा. मी हललो नसतो. पण उठून नीट पाहावं म्हणून मान वर केली आणि बापूजीला दिसलो.

तो घाबरला नाही. घाम पुसला, हसला. मायचं नाव तोडून म्हणे, "अरे, जिजीचं पोट्टं होय! बरं झालं आला. हा घे तुमचा धंदा. मेला का वढून नेजो."

त्यापुढचं मला तुकड्या तुकड्यानंच आठवते. टामी त्याच्या गुडघ्यावर बसली तेव्हा ओली फांदी मोडावी तसं झालं. तो खाली बसला तर खांद्यावर घातली. मोठ्या पोरानं उभारी उचलली, ती माझ्या बरगडीवर आली, अजून श्वास घेतला की कळ येते. त्याच्या तोंडावर मी टामी नाही, डोकंच मारलं. धाकटा पळाला. मोठा बापाला पाठीवर घेऊन निघाला, रक्त ओकत. मी ओरडत होतो, "वढ! वढ आता! तुयाच बाप आहे, वढ!" घसा फाटेपर्यंत.

वळून पाह्यलं तर रूपराव रांगत विहिरीकडे चालला होता. मी त्याला हात दिला नाही. त्यानं मागितलाही नाही.

हे काल झालं. बापूजीला गाडीत घालून दवाखान्यात नेलं. त्याची माणसं आज येतील, नाहीतर पोलीस. शेजारची पोरं काठ्या घेऊन मोहल्ल्याच्या तोंडाशी बसली आहेत. माय म्हणते, पळ. पहिल्यांदाच ती मला पळ म्हणते आणि पहिल्यांदाच माझे पाय उचलत नाहीत. मी गेलो तर ते तिच्याकडे येतील.

म्हणून तुला सांगतो, येऊ नकोस. मी रूपरावला माफ केलं असं समजू नको. पण तो गाव सोडत नाही, पंगत घालत नाही, बापूजीचं एकच काम राह्यलं आहे आणि ते त्याला जमलं नाही. ते तू येऊन करून देशील. फाशी तुला, वावर बापूजीला. आणि खळ्यात प्रेत पडलं की त्या लोकांतला एकही हात लावणार नाही. ओढायला कोणाला बोलावतील ते मी लिहीत नाही.

एवढं लिहून पत्र बंद करणार होतो. आता दुपार आहे आणि आपल्या अंगणात रूपराव बसला आहे.

काठ्यावाल्या पोरांनी त्याला कसं येऊ दिलं कोण जाणे. डोक्याला धोतराचा तुकडा बांधलेला, एक डोळा मिटलेला. कुडापाशी उभा राह्यला आणि म्हणे, "जिजाबाई, पाणी देजो."

जन्मभर त्यानं तिला जिजी म्हटलं, आणि ते चांगलं असलं तेव्हा. माय खाट सरकवून उंबऱ्यात उभी राह्यली. "कोणाले मांगून राह्यला?"

"तुले."

"चिंधूचा कान दे आंधी."

त्यानं कुडाला हात टेकला. मग म्हणे, "माफी मांगाले नाई आलो मी. तोंडात बसत नाई ते. तहान लागली."

"मंग बस उन्हात. बसल्यानं तोंड मऊ होते."

तो बसला. खरंच बसला. मी दाराआडून टामी घेऊन पाहत होतो. त्यानं मला पाह्यलं. म्हणे, "पोलिसाले मी सांगीन, बापूजीनं मले मारलं म्हून ह्या पोरानं हात उचलला. माही साक्ष हाय."

मी म्हटलं, "तुमच्यासाठी नाई उचलला."

"माईत हाय मले. मी शुद्धीत होतो." मग म्हणे, "चिंधू कवा येते? मी रोज सकाळी त्याचीच वाट पाह्यतो. बादली टाकतो आन् वाटते, आज तो पाठीमागून येईल."

मायनं ऐकलं. आत आली, माठातून पाणी घेतलं आणि फळीवरचा तुझा जर्मनचा गिलास काढला, ज्याला ती कोणाला हात लावू देत नाही. मी म्हटलं, माय, तो दादाचा. ती म्हणे, "म्हूनच. कोणाच्या घरचं पेला ते त्याले याद राहो." आणि त्याच्या हातात दिला. वरून नाही ओतलं, हातात दिला. तो पिऊन राह्यला. गिलास दातांवर वाजते, इथपर्यंत ऐकू येते.

मोटार वाजली.

दादा, मोहल्ल्यातली पोरं ओरडून राह्यली की नागपूरची मोटार आहे, खळ्याजवळ थांबली. पाहुणे असतील म्हटलं. दारातून पाह्यलं. चारजण खाली उतरले, मिलचे कपडे. पाचवा तू. तुझ्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं काही आहे, लांबीवरून समजते. खळ्याकडे तू पाह्यलंसुद्धा नाही. एका पोरानं तुला काही सांगितलं आणि आपल्या घराकडे बोट दाखवलं. तू चालत निघालास.

रूपरावनं तुला पाह्यलं आहे. तो उठत नाही. गिलास खाली ठेवत नाही.

माय म्हणते, लिहीत काय बसला, हाक मार त्याले. हाक मारून काय होते? वारा तिकडचा आहे आणि तुझी डावी बाजू इकडे आहे. तुला ऐकू येणार नाही. मी हा कागद घेऊन तुझ्याकडे पळत येतो, बरगडी मोडो की राहो. टामी घरात टाकून येतो, माझे दोन्ही हात नीट पाहून घे. गोणपाट खाली ठेव, उभ्या उभ्या वाच, पहिल्या ओळीपासून वाच. मग आत ये.